निष्पर्ण वृक्ष आणि मठाचे स्वयंपाकघर

थंडीचे दिवस आहेत. पहाटेच्या मिस्साला येताना आपण शाल, स्वेटर घेतो, पण अंगणातला आंबा-फणस हिरवाच असतो. फार तर खुरचाफा तेवढा उघडा पडतो. युरोपात तसे नाही. तेथे हिवाळ्यात बहुतेक झाडांची पाने पार गळून जातात आणि ती वठल्यासारखी दिसतात. सतराव्या शतकात अशाच एका झाडाने एका तरुणाचे आयुष्य बदलले.

त्याचे नाव निकोलस हर्मन. आज पूर्व फ्रान्समध्ये असलेल्या लोरेन प्रांतातील एरिमेनिल या गावी १६१४च्या सुमारास त्याचा जन्म झाला. अठराव्या वर्षी हिवाळ्यात एक निष्पर्ण झाड पाहताना त्याच्या मनात आले की, थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुले येतील, फळे धरतील. हे सारे घडवणाऱ्या परमेश्वराच्या सामर्थ्याची त्या क्षणी त्याला जी ओळख पटली, ती पुढे कधीच पुसली गेली नाही.

म्हणून लगेच शांती मिळाली असे मात्र नाही. त्या काळी तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. निकोलस सैनिक झाला. जर्मन सैन्याने हेर समजून त्याला पकडले व फाशीची धमकी दिली. १६३५ साली रांबेर्व्हिलेर येथे तो जखमी झाला आणि जन्माचा लंगडा झाला. काही काळ तो एका एकांतवासीयाबरोबर राहिला, पण त्या निवांतपणात त्याचे मन अधिकच हेलकावे खाऊ लागले. एका श्रीमंताकडे त्याने चाकरीही केली. तेथे तो हाती येईल ती वस्तू फोडायचा!

१६४०मध्ये तो पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाला व ब्रदर लॉरेन्स झाला. धांदरटपणाबद्दल येथे आपली चांगलीच कातडी सोलली जाईल अशी त्याची अपेक्षा होती. वाट्याला आले स्वयंपाकघर, ज्याचा त्याला मनापासून तिटकारा होता. तेथे त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली.

पहिली दहा वर्षे अंतर्यामी फार कठीण गेली. आपला नाश ठरलेला आहे, असेच त्याला वाटे. प्रार्थनेत गोडवा नाही, मनाला उभारी नाही. अखेर, जन्मभर असेच राहावे लागले तरी देवावर प्रेम करायचे, असे त्याने ठरवले. आणि ते ओझे अचानक उतरले. मला वाटते, खरा हिवाळा हाच होता. झाड पाहिले तो दिवस त्यामानाने सोपा.

पुढे भांड्यांचा खणखणाट, चारी बाजूंनी येणाऱ्या हाका यांतही तो पवित्र साक्रामेंतासमोर गुडघे टेकल्यासारखा शांत असे. तव्यावरचे आम्लेट तो देवाच्या प्रेमाखातर उलटी. हातातले काम संपले की जमिनीवर लोटांगण घालून देवाची आराधना करी. मठासाठी द्राक्षारस विकत आणायला दूर पाठवले, तर लंगड्या पायामुळे बोटीतल्या पिंपांवरून लोळत पुढे सरके, पण कुरकुर नाही. पायाचे दुखणे वाढल्यावर त्याला चपला शिवण्याचे काम मिळाले.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्याचे निधन झाले. फादर जोसेफ द बोफोर यांनी त्याच्याशी १६६६पासून केलेली संभाषणे टिपून ठेवली होती. ती व त्याची पत्रे त्यांनी मृत्यूनंतर प्रसिद्ध केली. पुस्तक लहान आहे, एका बैठकीत वाचून होईल एवढेच. प्रॉटेस्टंट बांधवही ते आवडीने वाचतात. ख्रिस्तसभेने ब्रदर लॉरेन्स यांना संत म्हणून जाहीर केलेले नाही.