थंडीने अंगावर उठणाऱ्या गांधी आणि त्यांची नोंद करणारे डॉ. योहान पीटर फ्रांक

थंड पाण्यात हात घातला की मनगटापर्यंत लाल, फुगीर चट्टे उठतात, खाज सुटते आणि अर्ध्या-पाऊण तासात त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होते. दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काहीच उरत नाही. मग घरातले म्हणतात पित्त झाले असेल, शेजारी म्हणतात काहीतरी खाण्यात आले असेल, आणि तुम्हालाही वाटू लागते की आपणच उगाच बाऊ करतो आहोत.

तसे नाही. हा खरा आजार आहे. आपण ज्याला अंगावर पित्त उठणे किंवा गांधी येणे म्हणतो, त्याचा हा एक प्रकार. थंडीमुळे उठतो म्हणून डॉक्टर त्याला कोल्ड अर्टिकेरिया म्हणतात. आधुनिक वैद्यकात त्याची पहिली नोंद १७९२ सालची मानली जाते आणि ती योहान पीटर फ्रांक या जर्मन डॉक्टरांच्या नावावर आहे. त्यांचे आयुष्य इथे सांगण्याचे कारण केवळ ही नोंद नाही. आजाराचे मूळ रोग्याच्या राहणीत, घरात आणि कामात शोधायचे, ही सवय त्यांनी डॉक्टरांना लावली. तुमच्या गांधींचे कारण शोधायलाही तीच सवय उपयोगी पडते.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. आपल्याकडे माधवनिदान या ग्रंथात शीतपित्ताचा संबंध थंड वाऱ्याच्या स्पर्शाशी जोडलेला आहे, आणि तो ग्रंथ फ्रांक यांच्यापेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुना. मात्र आज शीतपित्त हा शब्द सगळ्याच प्रकारच्या गांधींना सरसकट वापरला जातो, त्यामुळे घोटाळा होतो. प्रत्येक शीतपित्त थंडीने होत नाही. आणि या पित्ताचा पोटातल्या ॲसिडिटीशी संबंध नाही, त्यामुळे ॲसिडिटीची गोळी घेऊन ते थांबत नाही.

गावोगावचा डॉक्टर

फ्रांक यांचा जन्म १९ मार्च १७४५ रोजी आजच्या जर्मनीतल्या रोडाल्बेन या लहान गावी झाला. हायडेलबर्ग आणि स्ट्रासबुर्ग इथे शिकून १७६६ साली ते डॉक्टर झाले आणि छोट्या गावांत व संस्थानांत नोकरी करू लागले. त्यांची पहिली पत्नी बाळंतपणानंतर वारली. पुढे सुईणींच्या प्रशिक्षणावर त्यांनी जो भर दिला, त्यामागे हे दुःख असावे असे मला वाटते. ब्रुखसाल इथे धर्मगुरू-राजाच्या पदरी असताना त्यांनी सुईणींना शिकवण्याची व्यवस्था उभी केली.

१७७९ साली त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. हा ग्रंथ ते पुढे चाळीस वर्षे लिहीत राहिले. विषय होता लोकांचे आरोग्य सांभाळण्याची राज्यकर्त्यांची जबाबदारी: पिण्याचे पाणी, सांडपाणी, घरांची रचना, अन्नातली भेसळ, गरोदर बायांची काळजी, शाळेतली मुले, अपघात. आज आपण सार्वजनिक आरोग्य म्हणतो त्याचा पाया घालणाऱ्यांत फ्रांक यांचे नाव घेतात ते यामुळे.

१७८४ मध्ये ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि वर्षभरात इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात गेले. तो भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. लोंबार्दी प्रांताच्या सगळ्या आरोग्य व्यवस्थेची देखरेखही त्यांच्याकडे आली. कामासाठी ते दवाखाने, औषधांची दुकाने आणि खेडी पाहत फिरले. १७९० साली पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी लॅटिनमध्ये भाषण केले. लोकांची गरिबी हीच रोगांची आई आहे, हा त्याचा विषय. अतिश्रम, अपुरे अन्न, दमट घरे असतील तिथे नुसत्या औषधाने काय साधणार, असा त्यांचा सवाल होता. राजाच्या नोकरीत राहून हे बोलायला धाडस लागते.

१७९२ सालची नोंद

या भाषणानंतर दोन वर्षांनी त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ निघू लागला. माणसांचे रोग कसे बरे करावेत याचा सारांश, असे त्याचे स्वरूप होते आणि भाषा लॅटिन. थंडीच्या संपर्काने अंगावर उठणाऱ्या गांधींची नोंद त्यात आहे. त्याच ग्रंथाच्या १७९४ च्या भागात त्यांनी खूप लघवी होण्याच्या दोन आजारांत फरक केला: एकात लघवी गोड असते, दुसऱ्यात नसते. पहिला आपला नेहमीचा मधुमेह, दुसरा अगदी वेगळा. वरून सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत फरक पाहण्याची ही नजर लक्षात ठेवा, कारण नंदुरबारमध्ये थंडीच्या त्रासाबाबत ती फार लागते.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळा भाजून काढतो, म्हणून थंडीचा आजार इथे कसा असेल असे बाहेरच्यांना वाटते. पण तोरणमाळ साधारण साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, आणि अक्कलकुव्यातल्या डाबसारख्या सातपुड्यातल्या गावांत काही वर्षी पहाटे दव गोठल्याच्या बातम्या येतात. शिवाय या आजाराला बर्फ लागतच नाही. त्वचा झपाट्याने गार होणे पुरते. ओले कपडे अंगावर ठेवून मोटारसायकलवर बसणे, पहाटे पिकाला पाणी देताना पाटात पाय बुडणे, हापशाच्या पाण्याने भांडी घासणे, फ्रीजमधून बाटली काढणे, घाम आलेला असताना पंख्याखाली बसणे, यातल्या कशानेही गांधी उठू शकतात. उन्हाळ्यात बर्फाचा गोळा खाऊन ओठ सुजले, तरी कारण तेच.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी काय खाल्ले एवढेच न विचारता पाणी कुठून भरता, कामावर किती वाजता जाता, कशाने जाता हे विचारायला हवे. ते विचारत नसतील तर तुम्ही आपणहून सांगा. गांधी उठतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढा आणि त्याआधी पंधरा-वीस मिनिटांत काय केले होते ते लिहून ठेवा. अशा आजारात ही नोंद रक्ताच्या अनेक तपासण्यांपेक्षा जास्त सांगते.

खात्रीसाठीची तपासणी साधी आहे. पातळ पिशवीत घातलेला बर्फाचा खडा हाताच्या आतल्या बाजूला पाच मिनिटे ठेवतात, काढून दहा मिनिटे थांबतात आणि तिथे फुगीर चट्टा उठतो का ते पाहतात. घरी करून बघू नका. क्वचित कुणाला तेवढ्यानेही मोठा त्रास होतो. कधी चट्टा उठत नाही आणि तरीही आजार असतो, त्यामुळे निकाल कसा लावायचा ते डॉक्टरांवर सोडा.

आता तो फरक. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकल सेलचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि थंडी किंवा गार पाण्याची आंघोळ सिकल सेलच्या रुग्णाचे दुखणे उफाळून आणू शकते. त्यात हाडे, सांधे, पाठ, छाती असह्य दुखते. गांधींमध्ये खाज आणि चट्टे असतात, हाडांतली कळ नसते. थंडीने मुलाचे हातपाय सुजून दुखत असतील, तो रडत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका. त्याची सिकल सेलची तपासणी झाली आहे का ते पाहा, आणि लगेच दवाखान्यात न्या.

पाण्यात उतरण्याआधी

या आजारात जीव जाऊ शकतो, आणि सर्वांत मोठा धोका पाण्यात असतो. हात-पाय गार झाले तर तेवढ्याच भागावर गांधी उठतात. सगळे अंग एकदम गार पाण्यात गेले की शरीरभर एकाच वेळी प्रतिक्रिया होते, रक्तदाब कोसळतो, भोवळ येते, आणि पोहता येणारा माणूसही बुडतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच याकडे लक्ष वेधले होते.

प्रकाशाला तापीच्या पात्रात पहाटे डुबकी मारण्याची श्रद्धा अनेक घरांत आहे. हा आजार असेल तर डुबकी मारू नका. काठावर बसून कोमट पाणी अंगावर घ्या किंवा ओंजळभर पाण्याने भागवा. धरणात, तलावात, विहिरीत एकट्याने उतरू नका, उन्हाळ्यातही नाही. मुलाला हा त्रास असेल तर त्याच्या मित्रांना आणि शिक्षकांना सांगून ठेवा.

ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वासाला घरघर, चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाला पाण्याबाहेर आणि वाऱ्याबाहेर काढा, ओले कपडे बदला, ब्लँकेटमध्ये गुंडाळा, पाय थोडे उंच करून आडवे ठेवा (श्वास लागत असेल तर बसू द्या) आणि १०८ ला फोन करा. यावरचे खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी इथे पुरत नाही. धडगाव, मोलगीच्या डोंगरात रुग्णवाहिकेला वेळ लागतो, म्हणून ज्यांना एकदा असा झटका आला आहे त्यांनी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधीच जाऊन बोलून ठेवावे.

व्हिएन्ना, रशिया आणि शेवट

१७९५ मध्ये फ्रांक व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाचे प्रमुख झाले. मृत रुग्णांचे शवविच्छेदन करून आजार समजून घेण्यासाठी त्यांनी तिथे स्वतंत्र डॉक्टर नेमवला आणि संग्रहालय उभे केले. बहिरेपणाने घाबरलेले संगीतकार बेथोव्हेन याच काळात त्यांच्याकडे आले. फ्रांक यांनी शक्तीची औषधे दिली, कानात बदामाचे तेल घालून पाहिले. उपयोग झाला नाही. नाव देता आले म्हणजे बरे करता येते असे नाही, हे त्या काळच्या मोठ्यात मोठ्या डॉक्टरालाही चुकले नाही. थंडीच्या गांधींबाबतही त्यांच्या हातात थंडी टाळा एवढेच होते.

१८०४ मध्ये ते व्हिल्नियसला गेले, पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्गला, झार अलेक्झांडर पहिला यांचे डॉक्टर म्हणून. १८०८ मध्ये परतले. २४ एप्रिल १८२१ रोजी व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. त्यांचा मुलगा योझेफ हाही नावाजलेला डॉक्टर होता.

गांधी का उठतात हे फ्रांक यांना कधीच कळले नाही. त्वचेतल्या मास्ट पेशींना पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये नाव दिले. या पेशींमध्ये हिस्टामिन साठवलेले असते हे १९५३ मध्ये सिद्ध झाले. थंडीने या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात, हिस्टामिन बाहेर पडते, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि चट्टा फुगतो. हिस्टामिनला अडवणारे पहिले औषध १९३७ मध्ये पॅरिसला दानिएल बोव्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले होते. तुमच्या हातातली सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनची गोळी ही त्याचीच पुढची पिढी.

ही गोळी गांधी उठल्यावर घेण्यापेक्षा थंडीच्या दिवसांत रोज, ठरल्या वेळी घेतली तर जास्त चांगली लागू पडते. एका गोळीने भागले नाही तर डॉक्टर डोस चौपटीपर्यंत वाढवू शकतात, पण तो निर्णय तुम्ही स्वतः घेऊ नका. झोप येत असेल तर गाडी चालवू नका आणि डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येते. एवढ्यानेही न थांबणाऱ्या आजारासाठी ओमालिझुमॅब नावाचे इंजेक्शन आहे. ते महाग आहे आणि त्वचारोगतज्ज्ञच देतात. आमसुलाचे पाणी लावायचे असेल तर लावा, पण ते कोमट असू द्या. माठातल्या गार पाण्यात कालवले तर गांधी वाढतील.

पहाटेच्या कामाला पर्याय नसेल तर गमबूट, रबरी हातमोजे, कान झाकणारे मफलर, आणि ओले झाल्यावर बदलायला कोरडा कपडा जवळ ठेवा. मालकाला किंवा मुकादमाला दाखवायला डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. पाणी देण्याचे काम दुपारी मिळाले तर निम्मा त्रास तिथेच कमी होतो. बऱ्याच जणांचा आजार काही वर्षांत आपोआप ओसरतो, साधारण निम्म्यांचा पाच वर्षांच्या आसपास. तोपर्यंत कधी ऑपरेशन किंवा बाळंतपण ठरले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या आजाराबद्दल आधी सांगा, म्हणजे ते खोली गार ठेवणार नाहीत आणि सलाईन कोमट करून लावतील.