लोकमान्य आणखी दहा वर्षे जगते तर

धारवाडहून हुबळीस जाताना उणकलचा तलाव लागतो. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात मोडत होता. तेथून जाताना लोकमान्य टिळकांचे अखेरचे राजकारण आमच्या मनात हटकून येते. मंडालेहून १९१४ साली सुटलेल्या टिळकांनी १९१६ च्या एप्रिलात बेळगावी होमरूल लीग स्थापिली. तिच्या कार्यक्षेत्रात कर्नाटकही होता. १९२० च्या एप्रिलात त्यांनी काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. त्यात कौन्सिलप्रवेश होता आणि भाषावार प्रांतरचनाही. पण १ ऑगस्टला ते गेले. त्याच दिवशी गांधीजींचे असहकार आंदोलन सुरू झाले.

टिळक जगते तर स्वराज्य पक्षाने १९२३ साली स्वीकारलेला कौन्सिलांचा मार्ग तीन वर्षे आधीच खुला झाला असता, असे आम्हांस वाटते. सीमेचा तंटाही त्यांनी मिटविला असता काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र पुण्याचे केळकर आणि बेळगावचे गंगाधरराव देशपांडे या दोघांनीही त्यांना आपला पुढारी मानले होते. १९५६ साली दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एकही पुढारी उरला नव्हता.