पक्षाघाताच्या इंजेक्शननंतर जीभ का सुजते? ‘क्विंके सूज’ आणि तिचे डॉक्टर

पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्यासाठी ‘अल्टेप्लेज’ हे इंजेक्शन देतात. ते सुरू असताना किंवा नंतरच्या तास-दोन तासांत काही रुग्णांचे ओठ किंवा जीभ सुजते. प्रमाण शंभरात साधारण एक ते पाच. अशा सुजेला ‘क्विंके सूज’ म्हणतात. हे क्विंके कोण?

हाइनरिख क्विंके यांचा जन्म १८४२चा, जर्मनीत ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टचा. (विमानतळवाले फ्रँकफुर्ट वेगळे.) वडील डॉक्टर, थोरले भाऊ भौतिकशास्त्रज्ञ. बर्लिनमध्ये शिकून ते १८७३ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्नला प्राध्यापक झाले आणि १८७८ मध्ये कीलला गेले. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९०८पर्यंत, तिथेच राहिले.

१८८२ मध्ये त्यांनी एका विचित्र सुजेचे वर्णन छापले. ओठ, पापण्या, जीभ अचानक फुगतात आणि काही वेळाने आपोआप पूर्ववत होतात. अशी सूज इतरांनीही पाहिली होती, पण वेगळा आजार म्हणून ती ठसली क्विंके यांच्यामुळे. १८९१ मध्ये त्यांनी कमरेतून सुई घालून मणक्यातील पाणी काढण्याची पद्धत मांडली. मेंदूज्वराच्या निदानासाठी ती आजही वापरतात. सिझेरियनसाठी पाठीत भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका सुईलाही त्यांचेच नाव आहे. नोबेलसाठी नाव सुचवले गेले, मिळाले मात्र नाही. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सूज का येते, याचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी शोधले. गुठळी विरघळताना शरीरात ‘ब्रॅडिकायनिन’ नावाचा पदार्थ वाढतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो, पाणी बाहेर झिरपते आणि जीभ फुगते, बऱ्याचदा लुळ्या पडलेल्या बाजूलाच. दिसायला ही ॲलर्जी, पण मूळ वेगळे. म्हणूनच ॲलर्जीची नेहमीची औषधे इथे कमी पडू शकतात. बहुतेकदा सूज सौम्य असते. वाढली तर इंजेक्शन थांबवून आधी श्वासमार्ग सांभाळावा लागतो.

आता बीपीची गोळी. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या ‘एसीई इनहिबिटर’ गोळ्या ब्रॅडिकायनिन मोडू देत नाहीत, त्यामुळे सुजेचा धोका वाढतो. तारकर्लीतून पक्षाघाताचा रुग्ण आधी मालवण, मग ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा थेट गोव्यात बांबोळी असा न्यावा लागू शकतो. इंजेक्शन मात्र साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. त्या धावपळीत ‘बीपीची पांढरी गोळी घेतात’ एवढेच सांगितले, तर डॉक्टरांना त्यातून काही कळत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. गोळी मनाने बंद करू नका. ती सुरू आहे, एवढ्यावरून इंजेक्शन नाकारले जात नाही. जिभेवर लक्ष जास्त ठेवले जाते.