दादासाहेब फाळके : चित्रपटाच्या आधीची वर्षं



दादासाहेब फाळके म्हटलं की मुलं एका दमात सांगतात : भारतीय चित्रपटाचे जनक, ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३. उत्तर बरोबरच आहे. पण तेव्हा दादासाहेब त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी हा माणूस काय करत होता, हे मुलांना जरूर सांगा. मला तर तोच भाग जास्त मोलाचा वाटतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. घर शास्त्री-पंडितांचं, मुलगा मात्र चित्रकलेत रमणारा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. तिथे प्रा. गज्जरांनी त्यांच्यातली धडपड ओळखली. फोटो काढणं, काचेवर निगेटिव्ह तयार करणं, ब्लॉक बनवणं हे सगळं धुंडिराज हातानं शिकले.

पुढे गोध्रा इथे त्यांनी फोटोचा व्यवसाय सुरू केला. तिथेच प्लेगनं पत्नी आणि मूल हिरावून नेलं. ते बडोद्याला परतले, तर तिथे लोक कॅमेऱ्यालाच घाबरायचे! फोटो काढला की अंगातली शक्ती जाते, अशी समजूत. धंदा कसला चालतो?

१९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली. स्वदेशीचे वारे वाहू लागले तशी त्यांनी तीही सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. जवळच मळवलीला रविवर्मा प्रेस होता. घरोघरी लागलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं तिथलीच. त्या प्रेससाठी फाळके फोटोवरून शिळाछपाईचं काम करून देत.

शिळाछपाई म्हणजे काय, हे वर्गात समजावणं सोपं आहे. आमच्या अंजूरकडे काय किंवा तुमच्या गावात काय, भेंडीचे ठसे मुलांनी केलेलेच असतात. भेंडीत उंच भागाला रंग लागतो. शिळेवर असा उंचसखलपणा नसतोच. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. मग रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांना धरते, ओल्या जागी बसत नाही. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एक केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर!

१९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रं घेऊन आले. पण भागीदारांशी पटेना. चालता छापखाना सोडून ते बाहेर पडले, जवळजवळ रिकाम्या हातानं. मग ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्याच ध्यासात डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं.

बरे झाल्यावर १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला. आणि काय चित्रित केलं? कुंडीतला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रीकरण करून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. तो पाहून भांडवल मिळालं. सरस्वतीबाईंचे, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पत्नीचे दागिनेही गहाण पडले. ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म धुण्याचं काम दादरच्या घरीच चाले आणि त्यात सरस्वतीबाईंचा हात असे.

वाटाण्याचा प्रयोग वर्गात करून बघा. एक कुंडी, एक मोबाईल, रोज त्याच जागेवरून एक फोटो. मोबाईल कृष्णधवलवर ठेवायला मात्र विसरू नका.