फ्रेडरिक अकबर महोमेद

फ्रेडरिक अकबर महोमेद (११ एप्रिल १८४९ – २२ नोव्हेंबर १८८४) हे ब्रिटिश वैद्य होते. उच्च रक्तदाब मूत्रपिंडाच्या विकाराआधीही उद्भवू शकतो व हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडे यांना इजा करतो, हे त्यांनी नाडीतरंगांच्या अभ्यासातून दाखवले.

जीवन

महोमेद यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रायटन येथे झाला. मूळचे पाटण्याचे आणि ब्रायटनमध्ये मालिशीसाठी प्रसिद्ध असलेले स्नानगृह चालवणारे शेख दीन महोमेद हे त्यांचे आजोबा होत. फ्रेडरिक यांनी १८६९ मध्ये लंडनच्या गायज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला; पुढे ते तेथेच वैद्य झाले. वयाच्या ३५ व्या वर्षी टायफॉईडने त्यांचे निधन झाले.

कार्य

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे यांनी १८६० च्या सुमारास मनगटावर बांधण्याचा नाडीलेखक तयार केला होता. नाडीच्या ठोक्यांबरोबर हलणारी तरफ त्यात कागदावर तरंग रेखाटत असे. महोमेद यांनी विद्यार्थिदशेतच त्यात सुधारणा करून रोहिणीवर दिला जाणारा दाब मोजण्याची सोय केली. रक्तदाब जास्त असताना तरंगाचा नंतरचा उंचवटा अधिक उठावदार व दीर्घ होतो, असे त्यांना आढळले. वार्धक्यातही त्यांना असेच आलेख मिळाले.

स्कार्लेट ज्वराच्या रुग्णांत मूत्रातून अल्ब्युमिन जाऊ लागण्यापूर्वीच नाडीवरील ताण वाढतो, हे त्यांनी १८७४ मध्ये मांडले. मूत्रपिंडाच्या विकाराची लक्षणे नसलेल्या व्यक्तींतही असा दाब दीर्घकाळ राहू शकतो, हे त्यांनी पुढे दाखवले. त्यामुळे रक्तदाबवाढ ही मूत्रपिंडाच्या विकारामागोमाग येते, या समजुतीला तडा गेला.

महत्त्व

या तरंगाकृतीचे स्पष्टीकरण पुढे मिळाले. हृदयाकडून निघालेला दाबतरंग दूरच्या शाखांवरून अंशतः परावर्तित होतो. मोठ्या रोहिण्या ताठर झाल्या की तो लवकर परततो आणि हृदयाचे आकुंचन चालू असतानाच महारोहिणीतील दाबात भर घालतो. त्यामुळे डाव्या जवनिकेवरील भार वाढतो, तर मेंदू व मूत्रपिंडे यांच्या सूक्ष्म वाहिन्यांना दाबाचे तीव्र हेलकावे सोसावे लागतात. महारोहिणीतील हा दाब दंडावर मोजलेल्या दाबाइतकाच असतो असे नाही.

१८९६ मध्ये शिपिओने रिव्हा-रोची यांनी दंडपट्टीचा रक्तदाबमापक आणल्यानंतर वैद्यांचे लक्ष आकड्यांकडे वळले आणि तरंगाचा आकार मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस मनगटावरील तरंगावरून महारोहिणीतील दाबाचा अंदाज घेणारी उपकरणे आली, तेव्हा महोमेद यांच्या कार्याचे महत्त्व पुन्हा लक्षात आले.