कलुग्याचा बहिरा मास्तर

कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की हे नाव आपल्याला रॉकेटच्या इतिहासात भेटते. पण बँकेत उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला त्यांचा जमाखर्चच अधिक विचारात पाडतो.

जन्म १८५७ चा, रशियातला. दहाव्या वर्षाच्या सुमारास तापाने कान गेले, पुढे शाळाही सुटली. मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून ते आपले आपणच शिकले आणि बोरोव्स्क, मग कलुगा येथे मास्तरकी करू लागले. १९०२ साली मुलाने आत्महत्या केली. १९०३ साली रॉकेटने अंतराळात जाता येईल, हे गणिताने मांडणारा त्यांचा निबंध छापून आला.

त्यांच्या लेखी मात्र रॉकेट हे केवळ साधन. प्रत्येक अणूला संवेदना आहे, माणूस विश्वभर पसरेल आणि दुःख सरेल, ही खरी तळमळ. ती सामान्यांपर्यंत पोहोचावी म्हणून पदरमोड करून त्यांनी पुस्तिका छापल्या.

त्यात खटकणारेही आहे. दुःख संपवायचे तर अपूर्ण जीवांची पैदासच थांबवावी, असे ते मानत. बहिरेपण सोसलेल्या माणसाने हे लिहावे, याचा उलगडा मला झालेला नाही.

१९३५ साली ते गेले. सोव्हिएत सत्तेने रॉकेट उचलले, तत्त्वज्ञान बासनात ठेवले. १९५७ साली, त्यांच्या जन्मशताब्दीतच, स्पुटनिक झेपावला.

त्या पुस्तिकांचा खर्च बुडीत खाती टाकायला माझा हात धजत नाही.