अंगठा उठवणाऱ्या बायांना डॉक्टरकी शिकवणाऱ्या जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे

जामखेड : गावपातळीवरचं आरोग्याचं काम शिकायला देशातून अन् परदेशातून तरुण डॉक्टर, नर्स, समाजकार्य शिकलेली पोरं-पोरी जामखेडला येतात. हातात पदवी असते, नोकरीची सुरुवात असते, डोक्यात पुस्तकं असतात. इथं आल्यावर त्यांना शिकवायला समोर बसतात त्या खेड्यातल्या साध्या बाया. त्यातल्या काहींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. पण बाळंतीण कशी तपासायची, जुलाबानं सुकलेलं लेकरू कसं वाचवायचं हे त्या बोटावर मोजून सांगतात.

हे ज्या दोघांनी घडवलं त्यातले डॉ. रजनीकांत आरोळे नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांना जाऊन मात्र पंचवीस वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. नव्या पिढीला त्यांची गोष्ट फारशी ठाऊक नाही. ती सांगायलाच पाहिजे, कारण बायांना शिकवण्याचा मोठा भार मेबलबाईंनी उचलला होता.

जबलपूरची पहिल्या नंबरची मुलगी

मेबल यांचा जन्म 1935 सालचा, जबलपूरचा. घर शिकलेलं, वडील तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात प्राध्यापक. डॉक्टर व्हायला त्या तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. तिथं नगर जिल्ह्यातला, शिक्षक आई-वडिलांचा मुलगा रजनीकांत त्यांच्या वर्गात होता. निकालात मेबल पहिल्या अन् रजनीकांत दुसरे आले, असं त्यांच्याबद्दल कायम सांगितलं जातं.

1960 साली दोघांचं लग्न झालं. आयुष्यभर खेड्यातल्या गोरगरिबांचंच काम करायचं, असं दोघांनी मिळून तेव्हाच ठरवलं. वेल्लोरची पहिली आलेली डॉक्टर म्हटल्यावर कुठल्याही मोठ्या शहरात दवाखाना चालला असता, पैसा मिळाला असता. मेबलबाई मात्र नवऱ्याबरोबर नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात आल्या.

वडाळ्यात पडलेला प्रश्न

वडाळ्यात चारेक वर्षं दोघांनी रात्रंदिवस काम केलं. दवाखान्यात गर्दी मावत नव्हती. पण हळूहळू एक गोष्ट खटकायला लागली. जुलाब झालेलं लेकरू सलाईन लावून बरं करायचं, ते घरी जाऊन पुन्हा तेच गढूळ पाणी प्यायचं अन् महिन्या-दोन महिन्यांत परत दवाखान्यात यायचं. धनुर्वातानं नवजात बाळं दगावत होती. कुपोषण, खोकला, तापानं लेकरं जात होती. आलेल्यातले बहुतेक आजार मुळात होऊच द्यायचे नाहीत असे होते. अन् जे दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हते त्यांची तर गणतीच नव्हती.

म्हणजे इमानदारीनं काम करूनही गावातला आजार तेवढाच राहत होता. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या डॉक्टरकीच्या शिक्षणात नव्हतं.

मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलंडला दवाखान्यातलं पुढचं शिक्षण घेतलं अन् नंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथं शिकत असतानाच गावाकडं जाऊन काय करायचं याचा आराखडा त्यांनी तयार केला. तिकडंच राहून गेलेले डॉक्टर कमी नाहीत. हे दोघं 1970 साली लहान लेकरांना घेऊन परत आले.

ढोरांच्या दवाखान्यातून सुरुवात

जागा निवडताना त्यांची अट एकच होती, गावकऱ्यांनी आपणहून बोलवायला पाहिजे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी तयारी दाखवली. तालुका दुष्काळी, मोठं शहर लांब. जागा मिळाली ती जनावरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याची. तिथं काम सुरू झालं.

अमेरिकेतून आणलेल्या आराखड्याला पहिला धक्का लोकांनीच दिला. लोकांना आरोग्याचं व्याख्यान नको होतं. दुष्काळ पडलेला, त्यांना आधी प्यायला पाणी अन् पोटाला अन्न पाहिजे होतं. मग दोन्ही डॉक्टर पाण्याच्या अन् धान्याच्या मागं लागले. कूपनलिका घेतल्या, हापसे बसवले. हे हापसे त्यांनी मुद्दाम दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. त्या काळात दलितांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. आता तहानलेल्या गावाला त्यांच्या वस्तीत येऊन पाणी भरावं लागलं. चांगल्या पाण्यानं जुलाब कमी झाला, अन् शिवाशिवही थोडी ढिली झाली.

गड्यांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे खेळ झाले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. बायांची महिला मंडळं झाली. बंधारे, झाडं लावणं अशी कामंही पुढं याच मंडळांनी केली.

नर्स टिकेनात

आराखड्यात दुसरी गोष्ट होती, प्रत्येक गावात एक शिकलेली नर्स ठेवायची. तसं करून पाहिलं. पण परगावची एकटी तरुण मुलगी खेड्यात राहायची कशी? लोक तिच्यावर विश्वास टाकेनात, तिलाही गाव परकं वाटायचं. तो बेत फसला.

तेव्हा गावातूनच कल्पना पुढं आली, की आमच्याच गावची बाई शिकवा. ती कुठं जाणार नाही, अन् तिला घराघरात जाता येतं. ऐकायला सोपं वाटतं, पण ठरवायला अवघड होतं. खेड्यातल्या बहुतेक बाया तेव्हा निरक्षर होत्या. लेकराच्या जिवाचा प्रश्न अक्षर न येणाऱ्या बाईच्या हाती द्यायचा का? दहा-बारा वर्षं शिकून जे ज्ञान मिळवलं ते असं वाटून टाकायचं का? मेबलबाईंनी वाटून टाकायचं ठरवलं.

गावांनी आपापली बाई निवडली. त्यात अनेक दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामाला येऊ लागल्या. मेबलबाई त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून शिकवायच्या. सगळ्या जातीच्या बायांनी एका पंगतीत जेवायचं अन् एका खोलीत झोपायचं, हा नियम होता. सुरुवातीला हे फार जड गेलं. घरात मान वर न करणाऱ्या बायांना आधी चारचौघांत स्वतःचं नाव सांगायचं धाडस शिकावं लागलं. आरोग्याचे धडे त्यानंतर सुरू झाले.

हे धडे रोजच्या जगण्यातले होते. बाळाची नाळ मळक्या विळ्यानं कापायची नाही, त्यावर शेण-माती लावायची नाही. जुलाब झाला की लेकराचं पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं नाहीतर मीठ-गुळाचं पाणी घोट घोट पाजायचं. पोटुशी बाईनं बाळ मोठं होईल या भीतीनं उपाशी राहायचं नाही. लेकराचं वजन दर महिन्याला करायचं. कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, क्षयाच्या गोळ्या मधेच का सोडायच्या नाहीत, कोणती बाळंतीण ताबडतोब दवाखान्यात न्यायची, हेही त्या शिकल्या. शिकलेलं गावात जाऊन करायचं, पुढच्या आठवड्यात येऊन काय अडलं ते सांगायचं. त्यामुळं कितीतरी गोष्टी मेबलबाईंनाच या बायांकडून कळल्या.

आकडे काय सांगतात

1971 साली या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 बाळं पहिल्या वर्षातच दगावत होती. म्हणजे जवळपास दर सहा बाळांत एक. पुढच्या वीसेक वर्षांत प्रकल्पाच्या गावांमध्ये हे प्रमाण तिसाच्या खाली आलं. यात पाण्याचा, अन्नाचा वाटा होता, अन् घरोघर फिरणाऱ्या या बायांचा मोठा वाटा होता.

जगानं जामखेडची दखल घेतली. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 साली काढलेल्या पुस्तकात जामखेडचा प्रयोग आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1990 साली पद्मभूषण. 1988 साली जामखेडची एक आरोग्यसेविका वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराशी तिनं मोठ्या डॉक्टरांची तुलना केली अन् आपली तुलना छोट्या दिव्याशी. झुंबर महाग अन् हात न पोचणारं, तर छोटा दिवा दुसरा दिवा लावू शकतो, असा तिचा मुद्दा होता. मेबलबाईंचं सगळं आयुष्य त्यात आलं.

1994 साली दोघांनी जामखेडच्या कामावर पुस्तक लिहिलं. 1999 साली मेबलबाई गेल्या. डॉ. रजनीकांत 2011 साली गेले. मुलगी डॉ. शोभा अन् मुलगा रवी यांनी हे काम पुढं चालवलं.

आजही तोच धडा

2005 साली सरकारनं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं अन् गावोगावी आशा ताई आल्या. गावचीच बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे जामखेडनं त्याच्या तीस-पस्तीस वर्षं आधी करून दाखवलं होतं. आज आपल्या दारात वजनकाटा घेऊन आशा ताई येते तेव्हा ती फक्त माहिती भरायला आलेली आहे, असं समजून तिला उंबऱ्यावरून परत पाठवू नये. तिला बसायला सांगावं, ती काय म्हणते ते ऐकावं.

अन् जे तरुण डॉक्टर पहिल्यांदाच खेड्यात कामाला जातात, त्यांच्यासाठी तर मेबलबाईंची गोष्ट फार कामाची आहे. दोन देशांत शिकून आलेल्या बाईला आपला आराखडा जामखेडात आल्यावर दोनदा बदलावा लागला. पहिल्यांदा पाण्यासाठी, दुसऱ्यांदा नर्स टिकल्या नाहीत म्हणून. दोन्ही वेळा वाट दाखवली ती गावानं. त्यांनी ती ऐकली, म्हणून जामखेड घडलं.